असहमतीचे इंग्रजी शब्द आणि पोलिश विद्यार्थी : कोणता शब्द किती वजनाचा?

विस्तुलाकाठ

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी पोलंडमध्ये क्राकूफला राहते आणि त्यांतली सहा वर्षे प्रौढ विद्यार्थ्यांना वरच्या पातळीचे इंग्रजी शिकवते. वर्गात अभियंते असतात, हिशेबाच्या कामातली माणसे असतात, केंब्रिजच्या सी-वन परीक्षेला बसणारे विद्यापीठातले विद्यार्थी असतात. त्यांचे वाचन चांगले असते आणि व्याकरण पक्के असते. मात्र समोरच्याचे म्हणणे पटत नाही हे सांगायची वेळ आली की ‘आय डोन्ट ॲग्री’ आणि ‘यू आर नॉट राइट’ यांच्यापलीकडे त्यांची जीभ सहसा जात नाही. पुढच्या सत्रासाठी मी मतभेद, खंडन आणि भांडण यांच्या शब्दांवर चार तासांचा पाठ रचते आहे आणि त्यासाठी आपली मदत हवी आहे. या बाबतीतली पोलिश माणसाची अडचण मराठी माणसाच्या अडचणीशी बरीच मिळतीजुळती आहे, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

मागच्या हिवाळ्यातला एक प्रसंग सांगते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या परदेशी ग्राहकाने एक आकडा चुकीचा धरला होता आणि तो चुकला आहे हे कळवणे या विद्यार्थ्याचे कामच होते. त्याने लिहिले, ‘यू आर नॉट राइट. इट इज नॉट ट्रू.’ चार दिवस उत्तर आले नाही, आणि मग जे आले ते त्याच्या वरिष्ठांच्या नावे आले. तो मला म्हणाला की पोलिशमध्ये हेच लिहिले असते तर कोणालाही ते उद्धट वाटले नसते. त्याचे म्हणणे खरे होते. पोलिशमध्ये तो ‘खिबा न्ये मा पान रात्स्यी’ असे लिहिणार, म्हणजे ‘बहुधा महाशयांचे बरोबर नसावे’. ‘पान’ हे संबोधन आपल्या ‘आपण’सारखे आहे, क्रियापदही तृतीय पुरुषी येते आणि ‘खिबा’ने विधान आणखी सौम्य होते. ‘आपले म्हणणे बरोबर नसावे’ या मराठी वाक्यातही सगळा आदर ‘आपले’ आणि ‘नसावे’ यांतच असतो. इंग्रजीत मात्र एकच ‘यू’ आहे. त्यामुळे वाक्य तिकडे नेले की आदर मागे राहतो आणि नुसता नकार पुढे जातो. तो आदर इंग्रजीला वेगळ्या शब्दांनी भरून काढावा लागतो, आणि ते शब्द आम्ही शिकवलेलेच नसतात.

म्हणून इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी देण्यात मला अर्थ वाटत नाही. विद्यार्थ्याच्या तोंडात आधीपासून असलेल्या पोलिश शब्दापासून सुरुवात करावी आणि तो इंग्रजीत जाताना कुठे फुटतो, कुठे दिशा बदलतो, हे दाखवावे, असे माझे मत झाले आहे. तीन ठिकाणे सांगते.

पहिले ठिकाण ‘आर्ग्युमेंट’ या शब्दाचेच आहे. पोलिश ‘आर्गुमेंत’ म्हणजे एखाद्या मताच्या बाजूचा एक मुद्दा. भांडण हा अर्थ त्याला मुळीच नाही. त्यामुळे ‘आय हॅड थ्री आर्ग्युमेंट्स विथ माय बॉस’ असे सांगणाऱ्या मुलीला ‘मी साहेबांपुढे तीन मुद्दे मांडले’ असे म्हणायचे असते, आणि ऐकणाऱ्याला तिचे साहेबांशी तीनदा भांडण झाल्याचे कळते. मुद्द्याला ‘पॉइंट’ म्हणावे, तो ‘मेक’ करावा किंवा ‘रेझ’ करावा, आणि ‘आर्ग्युमेंट’ त्या अर्थी वापरायचेच असेल तर ‘ॲन आर्ग्युमेंट फॉर’ किंवा ‘अगेन्स्ट’ असे म्हणावे; ‘विथ’ आले की भांडण आलेच, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते.

दुसरे ठिकाण ‘प्शिझ्नाच’ या क्रियापदाचे. कबूल करणे, मान्य करणे, बहाल करणे, सगळे त्यात येते. इंग्रजीत त्याच्या चार वाटा होतात. ‘ॲडमिट’मध्ये चुकीची किंवा अडचणीची गोष्ट कबूल करण्याची छटा आहे, ‘ॲक्नॉलेज’मध्ये एखाद्या गोष्टीची दखल घेणे आहे, ‘ग्रँट’ म्हणजे वादापुरते मान्य करून पुढे जाणे, आणि ‘कन्सीड’ म्हणजे इच्छा नसताना मुद्दा सोडून देणे. फुटबॉलमध्ये गोल खाणाऱ्या संघासाठीही इंग्रजीत ‘कन्सीड’ हेच क्रियापद आहे, आणि हे सांगितले की वर्गातला कोणीही तो शब्द पुन्हा विसरत नाही.

तिसरे ठिकाण मला सर्वांत आवडते, कारण तिथे पोलिश भाषा इंग्रजीइतकीच श्रीमंत आहे आणि विद्यार्थ्यांना ते ठाऊकच नसते. ‘झाप्शेचिच’ म्हणजे इन्कार करणे, त्याला ‘डिनाय’. ‘ओदेप्शेच’ म्हणजे चाल करून आलेल्याला परतवून लावणे. आरोप परतवणे म्हणजे ‘रिबट’. ‘पोद्वाझिच’ म्हणजे पहार घालून उचकटणे. एखाद्या निष्कर्षाचा पाया हलवणे म्हणजे ‘अंडरमाइन’ किंवा ‘चॅलेंज’. आणि ‘ओबालिच’ म्हणजे आडवे पाडणे. सिद्धान्त पुराव्याने आडवा पाडणे म्हणजे ‘रिफ्यूट’. प्रत्येक पोलिश क्रियापदात हाताची एक हालचाल दडलेली आहे. ती हालचाल करून दाखवली की इंग्रजी शब्दांचे वजन आपोआप कळते.

आपल्या अनुभवात आलेले असे शब्द, फसवी साम्ये, वाक्प्रचार कृपया लिहा.

डब्लिनकर

ताई, विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. 1 मे 2004 रोजी पोलंड युरोपीय संघात आला तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तीनच देशांनी पोलिश कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडले. 2011 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल सर्वाधिक लोकांची मुख्य भाषा पोलिश होती, सुमारे 5 लाख 46 हजारांची. त्यामुळे हे शब्द अनेकांना परीक्षेच्या आधी कामाच्या जागी लागले आहेत.

माझ्या गटात चार पोलिश सहकारी आहेत. सुरुवातीला त्यांचे आपसातले फोनवरचे बोलणे ऐकून मला वाटे की ही माणसे सतत एकमेकांना नकार देतात, कारण दर वाक्यानंतर ‘नो, नो, नो’ ऐकू येई. पुढे कळले की पोलिशमध्ये ‘नो’ म्हणजे ‘हो ना’, ‘बरोबर’. इंग्रजी बोलताना ते घाईत कधी तोंडून निसटले की समोरच्याला तो ठाम नकार वाटतो. आपल्या पाठात याला पहिल्या दहा मिनिटांत जागा द्यावी.

दुसरी गोष्ट ‘ॲक्च्युअली’ची. इंग्रजीत हा शब्द सौम्यपणे दुरुस्ती सुचवतो, ‘खरे तर’ या अर्थी. पोलिश ‘आक्तुआल्न्ये’ म्हणजे सध्या, आजघडीला. सहकारी ‘ॲक्च्युअली वुई यूज धिस सप्लायर’ म्हणाला, त्याला ‘सध्या आम्ही याच्याकडून माल घेतो’ असे सांगायचे होते, आणि समोरच्या आयरिश बाईंना वाटले की तो त्यांची चूक काढतो आहे. तसेच ‘कॉन्सिक्वेंट’. पोलिश ‘कोन्सेक्फेन्त्नी’ म्हणजे आपल्या म्हणण्याशी सुसंगत राहणारा. तिथे इंग्रजीला ‘कन्सिस्टंट’ हवे. वादात ‘तुझ्या बोलण्यात सुसंगती नाही’ हा आरोप वारंवार करावा लागतो, म्हणून हा शब्द महत्त्वाचा.

आणि ‘डिस्कस अबाउट’ ही चूक आपण आणि ते अगदी सारखीच करतो. पोलिशमध्ये चर्चा एखाद्या गोष्टी‘विषयी’ होते, मराठीतही तशीच होते, इंग्रजीत मात्र ‘डिस्कस’ला अव्यय चालत नाही.

साक्षीपुरावा

मी पुण्यात दिवाणी दावे चालवतो, म्हणून ‘रिफ्यूट’विषयी थोडे लिहितो. ‘रिफ्यूट’ म्हणजे नुसते नाकारणे नव्हे, पुरावा देऊन खोटे ठरवणे. इंग्रजी वृत्तपत्रे ‘मंत्र्यांनी आरोप रिफ्यूट केले’ असे सर्रास छापतात, तेव्हा मंत्र्यांनी बहुधा फक्त इन्कार केलेला असतो. परीक्षेच्या निबंधात ‘रिफ्यूट’ लिहिले तर पुढच्या वाक्यात पुरावा आलाच पाहिजे, हा नियम विद्यार्थ्यांना द्यावा. ‘रिबट’ला तेवढी सिद्धी लागत नाही, समोरच्याच्या मुद्द्याला तोडीस तोड उत्तर दिले की ते पुरते. ‘डिस्प्यूट’ त्याहून हलके: मला हे मान्य नाही, आता तुम्ही सिद्ध करा. 1872 च्या आपल्या पुरावा कायद्यात ‘सिद्ध झालेले’, ‘खोटे ठरलेले’ आणि ‘सिद्ध न झालेले’ अशा तीन वेगळ्या व्याख्या होत्या. ‘खोटे ठरलेले’ आणि ‘सिद्ध न झालेले’ यांतला फरक ज्याला कळला, त्याला ‘रिफ्यूट’ आणि ‘डिस्प्यूट’ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

‘मूट पॉइंट’ मात्र जपून शिकवावा. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ ‘ज्यावर वाद होऊ शकतो असा मुद्दा’. अमेरिकेत ‘ज्याला आता व्यवहारात अर्थ उरलेला नाही असा मुद्दा’. सभेत प्रस्ताव ‘टेबल’ करणे याचेही तसेच: ब्रिटिश माणूस तो चर्चेला घेतो आणि अमेरिकन माणूस बाजूला ठेवतो. ज्यांचे ग्राहक दोन्हीकडे आहेत त्यांनी हे दोन शब्द ओळखावेत, स्वतः वापरू नयेत, असे मला वाटते.

पूर्वपक्ष

आपल्या न्यायदर्शनात वादाचे तीन प्रकार आहेत: तत्त्व कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडतोड करतो ती वितंडा. इंग्रजी शब्द विद्यार्थ्यांपुढे मांडताना हीच तीन खणांची पेटी वापरून पाहावी, असे सुचवतो. ‘डिस्कशन’ आणि ‘डिबेट’ पहिल्या दोन खणांत सहज जातात. ‘क्विबल’, ‘कॅव्हिल’, ‘निटपिक’ ही वितंडेची कुळे. ‘पोलेमिक’ कुठे जातो हे मात्र मला विचारायचे आहे, कारण पोलिश माणसे तो शब्द फार सहज वापरतात असे ऐकले आहे.

दुसरी सूचना पूर्वपक्षाची. आपले शास्त्रकार आधी समोरच्याचे म्हणणे शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडत आणि मगच त्याचे खंडन करीत. इंग्रजीत त्यासाठी ‘ग्रँटेड’, ‘ॲडमिटेडली’, ‘ट्रू ॲज धिस मे बी’, ‘मच ॲज आय सिम्पथाइझ विथ’ अशी सुरुवातीची पदे आहेत. निबंधात गुण मिळवून देणारी जागा हीच असावी.

विस्तुलाकाठ

पूर्वपक्षजी, आपला ‘पोलेमिक’चा प्रश्न नेमका आहे. पोलिशमध्ये ‘पोलेमिझोवाउबिम’ म्हणजे ‘यावर मी थोडा वाद घालीन’, आणि ते सभ्य, बहुतेक वेळा हसून म्हटलेले वाक्य असते. त्याला इंग्रजीत ‘आय बेग टू डिफर’ किंवा ‘आय वुड टेक इश्यू विथ दॅट’ म्हणावे. इंग्रजी ‘पोलेमिक’ हा कडवा, एकतर्फी, बहुधा लेखी हल्ला असतो. म्हणजे पोलिश शब्द आपल्या पेटीच्या पहिल्या खणात आणि इंग्रजी शब्द दुसऱ्याच्या तळाशी जातो.

पूर्वपक्षाची सूचना तर पोलिश भाषेला फारच जुळते, कारण त्यांच्याकडे ‘ओफ्शेम’ नावाचा एक सुंदर शब्द आहे. तो होकार आहे, पण ज्याच्या पाठोपाठ ‘परंतु’ येणार असा. ‘ओफ्शेम, आले’ म्हणजे ‘ते खरेच, पण’. हाच इंग्रजीतला ‘ग्रँटेड, बट’. शाळा संपताना होणाऱ्या मातुरा परीक्षेत इंग्रजीच्या विस्तारित पातळीवर ‘रोस्प्राफ्का’ नावाचा 200 ते 250 शब्दांचा युक्तिवादी निबंध विचारला जातो, आणि केंब्रिजच्या सी-वन परीक्षेत 220 ते 260 शब्दांचा निबंध सक्तीचा आहे. दोन्हीकडे मी पाहते की मुले ‘ऑन द वन हँड’, ‘ऑन द अदर हँड’ अशी दोन तागडी भरतात आणि ती एकमेकांना भेटतच नाहीत. ‘ओफ्शेम’ची आठवण करून दिली की पहिले वाक्य दुसऱ्याला उत्तर देऊ लागते.

आता वाक्प्रचारांविषयी. इथे विद्यार्थ्यांना भरवसा देता येतो, कारण कित्येक ठिकाणी दोन्ही भाषा एकाच चित्रावर उभ्या आहेत. वादाच्या मूळ कारणाला पोलिशमध्ये ‘कोश्च न्येझ्गोदी’ म्हणतात, म्हणजे बेबनावाचे हाड, आणि इंग्रजीत ‘बोन ऑफ कन्टेन्शन’. मात्र ‘आय हॅव अ बोन टू पिक विथ यू’ हे दुसरे हाड आहे. त्यात मला तुझ्याकडे एक तक्रार काढायची आहे एवढेच असते. आपण ज्याला शब्दांचा कीस काढणे म्हणतो त्याला पोलिश माणूस ‘केसाचे चार भाग करणे’ म्हणतो, ‘जेलिच व्वोस ना च्फोरो’, आणि इंग्रजीत केस नुसताच चिरला जातो, ‘स्प्लिट हेअर्स’. क्षुल्लक शब्दांना अडकून बसणे म्हणजे ‘चेप्याच श्ये’, शब्दशः चिकटणे. त्याचा इंग्रजी ‘निटपिक’ केसांतल्या लिखा वेचण्यावरून आला आहे, हे सांगितल्यावर वर्गातल्या दोन आयांनी तो ताबडतोब वहीत लिहून घेतला. पालथ्या घड्यावर पाणी, पोलिशमध्ये भिंतीवर वाटाणे फेकणे, इंग्रजीत विटांच्या भिंतीशी बोलणे.

फसगत मांजरांपाशी होते. पोलिशमध्ये दोघांचे बिनसले असेल तर ते ‘मांजरे फाडतात’, आणि एखादा माणूस वादात अडचणीत येऊन उलट समोरच्यालाच दोषी ठरवू लागला तर तो ‘मांजर शेपटीकडून फिरवतो’. इंग्रजीत यांपैकी एकही मांजर नाही. पहिल्यासाठी ‘ॲट लॉगरहेड्स’, दुसऱ्यासाठी ‘ट्विस्ट समवन्स वर्ड्स’. पोलिश वाक्प्रचाराचे शब्दशः भाषांतर करण्याचा मोह इथे फार होतो आणि ऐकणारा मांजर शोधत बसतो.

मूळाक्षर

मी वॉर्सात सात वर्षे काम करतो आणि मला या पाठाच्या दिशेविषयीच आक्षेप आहे. तो इथे स्पष्टपणे मांडतो.

आमच्या बैठकीत पोलिश, जर्मन, स्पॅनिश आणि आम्ही दोघे भारतीय असतो. मातृभाषा इंग्रजी असलेला एकही माणूस तिथे नसतो. पोलिश सहकारी ‘धिस विल नॉट वर्क’ म्हणतो आणि सगळ्यांना ते लगेच कळते. तोच जर ‘आय ॲम नॉट एन्टायर्ली कन्व्हिन्स्ड’ म्हणाला तर स्पॅनिश सहकाऱ्याला वाटेल की त्याची थोडीशी खातरी पटायची राहिली आहे, प्रत्यक्षात मात्र त्याचा पूर्ण विरोध असेल. पोलिश माणसाला स्वतःच्या सरळ बोलण्याचा अभिमान असतो. त्यासाठी त्यांच्याकडे ‘प्रोस्तो स मोस्तु’, म्हणजे ‘पुलावरून सरळ’, असा वाक्प्रचार आहे, आणि गोष्ट ‘कापसात गुंडाळणे’ हा तिथे दोष समजला जातो. या देशाच्या सेय्ममध्ये, म्हणजे संसदेत, एकेकाळी एका प्रतिनिधीच्या ‘न्ये पोझ्वालाम’, ‘मी अनुमती देत नाही’, या दोन शब्दांनी अख्खे अधिवेशन बरखास्त होई. 1652 मध्ये शिचिन्स्की नावाच्या प्रतिनिधीने अधिवेशन वाढवायला विरोध केला तेव्हापासून ही प्रथा धरली जाते, आणि 3 मे 1791 च्या राज्यघटनेने ती रद्द केली. त्या प्रथेने राज्याचे नुकसान झाले हे मला मान्य आहे. पण नकार मोठ्याने आणि स्वतःच्या नावाने देण्यात तिथे कमीपणा नाही, एवढे त्यातून दिसते. ब्रिटिशांचा कापूस त्यांच्या तोंडात का भरावा?

भाषाभान

मूळाक्षर यांच्या म्हणण्याला भाषाशास्त्रातही आधार आहे. आन्ना व्येझ्बित्स्का या मूळच्या वॉर्साच्या, पुढे ऑस्ट्रेलियात काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1985 मध्ये पोलिश आणि इंग्रजी बोलण्याची तुलना करून दाखवले की इंग्रजीत जे सभ्य मानले जाते ते जगभर सभ्य ठरेल असे नाही. पोलिशमध्ये मत ठामपणे मांडणे हे आपलेपणाचे, मनापासून बोलण्याचे लक्षण असू शकते, आणि इंग्रजी पद्धतीचे अंतर राखून बोलणे तिथे कोरडे वाटू शकते. घरात पाहुण्याला ‘छे, काहीतरीच! बसा, जेवूनच जायचे’ असे दटावणारी मराठी गृहिणी आठवा. ते वाक्य इंग्रजीत नेले तर हुकूम ठरेल.

त्यामुळे पोलिश माणसाचे इंग्रजी ‘उद्धट’ आहे असे वर्गात म्हणू नये. त्याच्या सौजन्याची जागा वेगळी आहे, एवढेच म्हणावे. पण ताईंच्या विद्यार्थ्याचे पत्र ज्याला गेले त्याला हे कोण समजावणार, हा प्रश्न उरतोच.

निळी_शाई

माझे सासर पोझ्नानचे आहे, तेव्हा मी भांडणाच्या शब्दांपुरते लिहिते. ‘स्प्शेच्का’ म्हणजे लहानशी शाब्दिक चकमक, आपला खटका. इंग्रजीत ‘स्पॅट’, आणि नवराबायकोत असेल तर ‘टिफ’. ‘क्वुत्न्या’ म्हणजे भांडण, ‘क्वॉरल’. ‘आवान्तुरा’ म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाणारे भांडण, ब्रिटिश इंग्रजीत ‘रो’ असे लिहिले तरी ‘राउ’ असा उच्चार असलेला शब्द. पोलिश ‘आवान्तुरा’ आणि इंग्रजी ‘ॲडव्हेंचर’ दिसायला जवळचे असले तरी वादाच्या पाठात त्यांची गाठ घालून देऊ नये. ‘स्पुर’ हा न्यायालयाचा किंवा सीमेचा तंटा, ‘डिस्प्यूट’. दिवसभर चाललेली कुरबुर म्हणजे ‘बिकरिंग’. भावंडांचे आपसातले ‘स्क्वॅबलिंग’. वृत्तपत्रातली बाचाबाची ‘ऑल्टरकेशन’. आणि ज्यानंतर बोलणेच बंद होते ते ‘फॉलिंग आउट’.

माझ्या जाऊबाई मुलांना ‘न्ये दिस्कुतुय!’ असे ओरडतात, शब्दशः ‘चर्चा करू नकोस!’, म्हणजे आपले ‘उलट बोलू नकोस’. मुलगा ते इंग्रजीत ‘डोन्ट डिस्कस विथ मी’ असे सांगतो. तिथे ‘डोन्ट आर्ग्यू’ किंवा ‘डोन्ट टॉक बॅक’ हवे. ‘प्रेतेन्स्ये’ हा शब्दही पाठात घ्यावा: त्याचा अर्थ मनातली तक्रार, गाऱ्हाणे, ‘ग्रीव्हन्स’. इंग्रजी ‘प्रिटेन्शन’शी त्याचा या अर्थी संबंध नाही.

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण सासूबाईंच्या तोंडून पोलिशमध्ये जशीच्या तशी ऐकली त्या दिवशी मला फार बरे वाटले होते.

डब्लिनकर

मूळाक्षर यांच्या मुद्द्यावर एक भर घालतो. गट मिश्र असेल तर सरळ बोलणे चालते, हे खरे आहे. पण ‘इट्स नॉट ट्रू’ची अडचण सरळपणाची नाही. पोलिश ‘न्येप्राव्दा’ हा साधा प्रतिवाद आहे, इंग्रजीत मात्र तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडावर म्हटले की खोटे बोलल्याचा आरोप होतो. म्हणजे बोलणाऱ्याला जेवढे म्हणायचे होते त्याहून जास्त म्हटले गेले. तिथे कापूस गुंडाळण्याचा प्रश्न नाही. त्या माणसाचे स्वतःचे म्हणणे बरोबर पोचवण्याचा आहे. ‘ऑफ कोर्स’चेही तेच. पोलिश ‘ओचिविश्चे’ हा तत्पर होकार आहे, पण प्रश्नाला उत्तर म्हणून ‘ऑफ कोर्स’ म्हटले की ‘हेही तुम्हाला ठाऊक नाही?’ असा सूर लागू शकतो.

पूर्वपक्ष

‘डेव्हिल्स ॲडव्होकेट’ या वाक्प्रचाराचा पाठात समावेश आहे का? सी-वनच्या तोंडी परीक्षेत दोन परीक्षार्थींना आपसात चर्चा करून निर्णयाला यावे लागते, आणि तिथे समोरचा सारखा ‘हो’च म्हणत असेल तर ‘लेट मी प्ले डेव्हिल्स ॲडव्होकेट’ या वाक्याने संवाद पुढे नेता येतो. पोलिशमध्येही ‘आद्वोकात द्याब्वा’ तसाच आहे. मूळ संदर्भ कॅथलिक चर्चचा: एखाद्या व्यक्तीला संतपद देताना विरोधी बाजू मांडण्यासाठी अधिकारी नेमलेला असे आणि ते पद 1587 मध्ये रीतसर निर्माण झाले. 1983 मध्ये त्या अधिकाऱ्याची भूमिका मोठ्या प्रमाणात कमी करणारे पोप म्हणजे दुसरे जॉन पॉल, म्हणजे क्राकूफचेच पूर्वीचे आर्चबिशप. आपल्या शहरातल्या विद्यार्थ्यांना हा शब्द परका वाटणार नाही.

विस्तुलाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मूळाक्षर, आपला आक्षेप मी आठवडाभर मनात घोळवला आणि त्यातला मोठा भाग मला मान्य करावा लागतो; ‘आय स्टँड करेक्टेड’ हे वाक्य शिकवण्याआधी मला ते इथे वापरण्याची संधी मिळाली. मी सौम्य पदांची यादी सर्वांनी पाठ करून वापरावी अशी रचना केली होती. आता मी शब्दांचे दोन ढीग करते आहे. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’, ‘आय हिअर व्हॉट यू आर सेइंग’, ‘आय ॲम नॉट शुअर आय वुड गो दॅट फार’ ही वाक्ये ओळखायची आहेत, म्हणजे समोरचा ब्रिटिश माणूस नकार देतो आहे हे वेळेवर कळावे. यांतले पहिले पोलिशमध्येही शब्दशः आहे, ‘स त्साविम शात्सुन्क्येम’, आणि दोन्हीकडे त्यानंतर येणारे वाक्य कडूच असते, हे विद्यार्थ्यांना आपले आपण सापडते.

स्वतः वापरायचा ढीग मी लहान ठेवला आहे. त्यात ‘दॅट्स अ फेअर पॉइंट, बट’, ‘आय सी इट डिफरन्टली’ आणि ‘आय ॲम अफ्रेड’ एवढीच पदे आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक रचना आहे जिच्यात कापूस अजिबात नाही: वाक्याचा कर्ता माणूस ठेवायचा नाही, वस्तू ठेवायची. ‘यू आर नॉट राइट’ या वाक्यात माणूस चुकतो. ‘द फिगर डझन्ट मॅच’ या वाक्यात आकडा चुकतो. विधान तेवढेच ठाम राहते आणि भाषाभान यांनी म्हटल्याप्रमाणे कोणाला आपला स्वभाव बदलावा लागत नाही.

पाठाचा क्रम आता असा ठरला आहे. पहिल्या तासाला ‘नो’, ‘आक्तुआल्न्ये’, ‘आर्गुमेंत’, ‘कोन्सेक्फेन्त्नी’, ‘प्रेतेन्स्ये’ ही फसवी साम्ये. दुसऱ्याला साक्षीपुरावा यांचा नियम घेऊन इन्कार करण्यापासून खोटे ठरवण्यापर्यंतची क्रियापदे, हातांच्या हालचालींसकट. तिसऱ्याला ‘ओफ्शेम’ आणि निबंध. भांडणांची उतरंड आणि मांजरे शेवटच्या तासाला, कारण तोवर सगळे दमलेले असतात.

ज्या विद्यार्थ्याचे पत्र बिघडले होते त्याला मी काल हे पत्र पुन्हा लिहायला सांगितले. त्याने ‘आय ॲम अफ्रेड’ लिहिले, थोडा वेळ पाहिले आणि खोडले. मग लिहिले, ‘द फिगर इन युअर टेबल डझन्ट मॅच अवर मेझरमेंट्स. कॅन वुई चेक इट टुगेदर?’

मूळाक्षर

हे वाक्य मी उद्याच्या बैठकीत वापरणार आहे.